प्रती किती छापल्या, ते पुस्तकातच छापा

गुरुजींनी दिवाणावरची गादी गुंडाळली, फळी उचलली आणि बाजूला झाले. आत खाकी कागदात बांधलेले गठ्ठे होते. प्रत्येकावर सुतळीची फुली, कोपऱ्यात निळ्या शाईत ‘२५ प्रती’. मी मोजले. अठ्ठावीस गठ्ठे. म्हणजे सातशे पुस्तकं, आणि त्यांच्यावर गुरुजी आणि काकू रोज रात्री झोपत होते.

पुस्तक गुरुजींचंच. माणदेशातल्या त्यांच्या तालुक्यातल्या विहिरींवरचं. कोणत्या विहिरीला काय नाव, ते कुणी दिलं, विहीर पायऱ्यांची की मोटेची, कोणत्या वस्तीला तिथे पाणी भरू देत नसत, १९७२ च्या दुष्काळात कोणती आटली आणि कोणती तगली. शाळेत शिकवता शिकवता पस्तीस वर्षं त्यांनी हे वह्यांमध्ये उतरवून ठेवलं. मी मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका सुधारण्याचं, काम करते. इतकं कसदार लेखन वर्षाकाठी दोन-तीनदाच हाताखालून जातं. हे मात्र गेलं नव्हतं. छापून झाल्यावर त्यांनी मला प्रत पाठवली आणि पहिल्याच पानावर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं दिसलं. पुढे ‘पायर्या’, ‘किनार्यावर’, ‘म्हातार्या’. विहिरींच्या पुस्तकात ‘पायऱ्या’ हा शब्द किती वेळा येतो याचा अंदाज करा.

हे कसं होतं, ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजींच्या भाच्याने मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिला. प्रकाशकाकडे तो जुन्या फाँटमध्ये ओतला गेला. त्या बदलाबदलीत ‘ऱ्या’ मोडतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ॲ’च्या जागी चौकट येते. पहिला फॉर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, कुणी नुसता डोळ्याखालून घातला असता, तरी सापडलं असतं. कुणी घातला नाही. पण पावतीवर मात्र एका ओळीत लिहिलं होतं : ‘अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी, आयएसबीएन व वितरण’. आणि पुढे एकच आकडा, पंच्याहत्तर हजार रुपये.

ठरल्या होत्या हजार प्रती. सुरुवातीला गुरुजींना शंभर मिळाल्या. बाकीच्या ‘वितरणात आहेत’ असं सांगण्यात आलं. दीड वर्षाने एके दिवशी दारात टेम्पो उभा राहिला, सातशे प्रती उतरल्या आणि टेम्पोचं भाडंही गुरुजींनीच दिलं. मधल्या दोनशे प्रती विकल्या गेल्या, कुणाला भेट गेल्या की मुळात छापल्याच नव्हत्या, हे आजही त्यांना माहीत नाही. विचारायचं कशाच्या आधारावर? हातात एक पानी संमतीपत्र होतं, आणि त्यावर सही फक्त गुरुजींची.

मला इथे एका प्रकाशकावर लिहायचं नाही. अशा गोष्टी मी इतक्या घरांमधून ऐकल्या आहेत की नाव घेतलं तर बाकीचे निर्दोष ठरतील. प्रश्न रीतीचा आहे. मराठीत पहिलं पुस्तक काढणाऱ्याकडून पैसे घेऊन ते छापायचं, त्यावर ‘प्रकाशक’ म्हणून आपलं नाव घालायचं आणि तिथे आपलं काम संपवायचं, ही आता राजरोस पद्धत झाली आहे. सगळे जाणतात. व्यासपीठावर कुणी बोलत नाही, कारण लेखकाला लाज वाटते आणि प्रकाशकाला ते सोयीचं असतं.

आधी त्या लाजेबद्दल. लेखकाने स्वतःच्या पुस्तकासाठी पदरचे पैसे घालण्यात खाली मान घालावी असं काहीही नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. कमिटीने ते नाकारलं. ते नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडलं. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मधली पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात आली आणि त्यानंतरची छापायला, स्नेही असूनही, त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे धजले नाहीत. तेव्हा पुस्तक कुणीतरी निवडलं म्हणजेच ते मोलाचं, असं मानणाऱ्यांनी आपल्याच भाषेचा हा इतिहास आठवावा. जुन्या मराठी पुस्तकांमध्ये आश्रयदात्यांच्या नावांची यादी छापलेली असे. कुणी किती प्रती आधीच घ्यायचं कबूल केलं, ते त्यात उघड असायचं. पैसा कुठून आला हे लपवायची तेव्हा कुणाला गरज वाटली नव्हती.

आज नेमकं तेच लपवलं जातं, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

प्रकाशक या शब्दामागे एक जोखीम आहे. तो आपले पैसे एका लेखनावर लावतो. लावण्याआधी चारदा वाचतो, दुसऱ्याला वाचायला देतो, लेखकाशी भांडतो, प्रकरणं काढायला लावतो. मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी लेखकांच्या एकेका संहितेवर घेतलेल्या मेहनतीच्या गोष्टी आमच्या क्षेत्रात आजही सांगितल्या जातात. त्यामागे साहित्यप्रेम होतंच, पण अडकलेला पैसा पुस्तक विकूनच सोडवायचा, हा व्यवहारही होता. लेखकाने सगळा खर्च आधीच भरला की हा व्यवहार उलटा होतो. प्रकाशकाचा नफा छपाईच्या दिवशीच हातात पडलेला असतो. त्यानंतर दुकानदाराला फोन करणं, पार्सल पाठवणं, परीक्षणासाठी प्रती देणं, प्रदर्शनात पुस्तक मांडणं हा त्याच्या दृष्टीने निव्वळ खर्च. तो माणूस वाईट असायची गरजच नाही, व्यवहाराची घडीच अशी आहे की पुस्तक गठ्ठ्यात राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. संपादनाचंही तसंच. चांगला संपादक प्रकरणं परत लिहायला सांगणार, त्यात चार-सहा महिने जाणार, लेखक कदाचित नाराज होऊन दुसरीकडे जाणार. मग पैसे घेतलेल्या गिऱ्हाइकाला कोण नाराज करील?

प्रकाशकांची बाजू मी रोज ऐकते आणि ती खोटी नाही. छापील किमतीतला चाळीस-पन्नास टक्के वाटा विक्रेता आणि वितरक यांच्याकडे जातो. न विकलेल्या प्रती परत येतात, त्याही कोपरे दुमडून. ग्रंथालयांचे पैसे अनुदान आलं की मिळतात. नव्या कवीच्या संग्रहाला दुकानदार हातही लावत नाही. अशा स्थितीत अनोळखी लेखकावर लाखभर रुपये लावा, असं मी कुणाला म्हणू शकत नाही. पैसे घ्या. पण मग जे विकता त्याचं खरं नाव सांगा. छपाई आणि निर्मितीची सेवा विकत असाल, तर अक्षरजुळणीचे किती, मुद्रितशोधनाचे किती, चित्रकाराचे किती, कागद-छपाई-बांधणीचे किती, असं वेगवेगळं लिहून द्या. ‘वितरण’ हा शब्द लिहिलात तर कोणत्या दुकानांत, किती प्रती, किती दिवसांत, हे लिहा. लिहिता येत नसेल तर तो शब्द काढून टाका.

आणि माझी मुख्य मागणी पुस्तकाच्या एकाच पानापुरती आहे. शीर्षकपानाच्या मागच्या पानावर प्रकाशक, मुद्रक, किंमत आणि आवृत्ती छापतात. तिथे आणखी दोन ओळी छापाव्यात : या आवृत्तीच्या प्रती किती, आणि निर्मितीखर्च कुणाचा.

ही कल्पना नवी नाही. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद व्हायची. त्या नोंदीच्या रकान्यांमध्ये भाषा, विषय, पानं, आकार, आवृत्ती कितवी आणि किंमत यांच्या बरोबरीने ‘त्या आवृत्तीत किती प्रती’ हाही रकाना होता. इंग्रज सरकारला लोकांवर नजर ठेवायची होती, हेतू चांगला नव्हता. पण त्या याद्यांमुळेच एकोणिसाव्या शतकातलं एखादं मराठी पुस्तक किती प्रतींनी निघालं हे अभ्यासकांना आज सांगता येतं. २०२३ च्या नव्या कायद्याने तो जुना कायदा मोडीत निघाला. नवा कायदा फक्त नियतकालिकांचा आहे, पुस्तकं त्याच्या कक्षेतच नाहीत. म्हणजे १८७० साली निघालेल्या पुस्तकाच्या प्रती शोधता येतात आणि गेल्या दिवाळीत निघालेल्या पुस्तकाच्या त्याच्या लेखकालाही कळत नाहीत.

आकडा छापला तर काय होईल? ‘सहा महिन्यांत तिसरी आवृत्ती’ या जाहिरातीचा अर्थ वाचकाला लागेल. एके काळी मराठीत आवृत्ती म्हटली की हजार-अकराशे प्रती असं समजलं जायचं. आज डिजिटल छपाईत पन्नास प्रतींनाही आवृत्ती म्हणता येतं. पन्नास प्रतींची आवृत्ती काढण्यात गैर काही नाही, उलट ते शहाणपणाचं आहे. पन्नास छापून हजारांचा आव आणणं गैर आहे, कारण तो आव पाहूनच पुढचा नवा लेखक पैसे घेऊन येतो.

या छपाईच्या हिशेबावर थोडं थांबते, कारण बहुतेक जण इथेच फसतात. ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईत, प्लेटचा आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच येतो, मग प्रती जितक्या जास्त तितकी एक प्रत स्वस्त. डिजिटलवर असं होत नाही. तिथे दहावी प्रत जवळपास पहिल्याइतक्याच खर्चात पडते. एकशे साठ पानांचं डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं पुस्तक धरा, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्मे. समजा, डिजिटलवर दोनशे प्रती काढल्या तर प्रत १२० रुपयांना पडते आणि ऑफसेटवर हजार काढल्या तर ६५ रुपयांना. लेखकाला सांगतात, ‘दोनशे कशाला, हजारच छापा, निम्म्या किमतीत पडतंय.’ ऐकणाऱ्याला पटतं. आता समजा, विकल्या गेल्या १८० प्रती. हजार छापणाऱ्याचे ६५,००० गेले, म्हणजे विकलेली प्रत ३६१ रुपयांना पडली. दोनशे छापणाऱ्याचे २४,००० गेले, त्याला ती १३३ रुपयांना पडली. स्वस्त प्रतीचा हिशेब छापलेल्या प्रतींवर मांडतात. तो विकल्या जाणाऱ्या प्रतींवर मांडायला हवा. गुरुजी आयुष्यभर गणित शिकवत होते, आणि हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज फार खाली गेला होता.

वाचलेले चाळीस हजार कुठे घालायचे? माझं उत्तर एकच आहे : संपादनात. मुद्रितशोधन नव्हे, ते माझं काम आणि ते शेवटचं. त्याआधी कुणीतरी संपूर्ण संहिता वाचून ‘तिसरं प्रकरण आधी हवं, हे दोन अनुभव एकच आहेत, इथे तुम्ही घाईने आवरलंत’ असं लेखकाला तोंडावर सांगणारं हवं. हे काम करणारी माणसं मराठीत आहेत आणि त्यांना आपण आजवर मोबदला द्यायला शिकलो नाही. नवा लेखक हॉलच्या भाड्याला, फ्लेक्सला, शालींना आणि पाहुण्यांच्या गाडीला आनंदाने पैसे देतो, आणि संपादकाने पाच आकडी रक्कम सांगितली की ‘वाचायचेच तर आहे’ म्हणतो. हे ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं.

कागदपत्रांबद्दलही इतकं अज्ञान आहे की त्याचा गैरफायदा घेतला गेला नाही तरच नवल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच असावं लागतं, आणि त्यात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती हे नमूद करायचं असतं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते परत लेखकाकडे येतात. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. पण ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ या तीन शब्दांखाली सही करून लेखक ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक, अनुवाद, नाट्यरूपांतर सगळं देऊन टाकतो, तेही स्वतः छपाईचे पैसे भरून. खर्च तुमचा असेल तर हक्क सोडायचं कारणच काय? विक्रीचा ठरावीक टक्का त्यांना द्या आणि हक्क स्वतःकडे ठेवा.

आयएसबीएनचंही असंच. हा तेरा आकडी क्रमांक दिल्लीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही त्यासाठी अर्ज करता येतो. त्याचे वेगळे पैसे लावले जातात हे एक, आणि क्रमांक मिळाला म्हणजे पुस्तकाला मान्यता मिळाली असा समज पसरवला जातो हे दुसरं. त्या क्रमांकाने पुस्तक ओळखता येतं, इतकंच. त्याच्या गुणाशी त्याचा संबंध नाही. आणि लेखक स्वतः प्रकाशक झाला की एक जबाबदारीही अंगावर येते, जी कुणी सांगत नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायची असते. चार प्रतींचा खर्च काही फार नाही. गुरुजींचं पुस्तक आम्ही तपासलं तेव्हा कळलं, या प्रती कुणीच पाठवल्या नव्हत्या. ज्या विहिरी बुजल्या त्यांची एकमेव नोंद, आणि तीही दिवाणात.

आता प्रसिद्धी. या शब्दाचा अर्थ आपल्याकडे समारंभ असा झाला आहे. मला एका परिचारिकाताईंचं उदाहरण सांगावंसं वाटतं. मराठवाड्यात आरोग्य उपकेंद्रावर नोकरी केलेल्या, निवृत्त झालेल्या. बाळंतपणांचे, रात्रीअपरात्री बैलगाडीतून गाठलेल्या वाड्यांचे अनुभव त्यांनी लिहिले होते. त्यांनी आधी दोन लेख दोन दिवाळी अंकांकडे पाठवले. एक परत आला, एक छापून आला. (१९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पाडलेला हा दिवाळी अंकांचा पायंडा नव्या लेखकासाठी आजही सगळ्यांत स्वस्त परीक्षा आहे. अनोळखी संपादक, अनोळखी वाचक, आणि खर्च टपालाचा.) छापून आलेला लेख वाचून त्यांना जी पत्रं आणि फोन आले, ते सगळे त्यांनी एका शंभर पानी वहीत लिहून ठेवले. पट्टीने आखलेले रकाने : नाव, गाव, फोन, काय म्हणाले. पुस्तक करायचं ठरलं तेव्हा त्यांनी त्याच वहीत आणखी दोन रकाने आखले, ‘किती प्रती’ आणि ‘पैसे आले’. प्रकाशनपूर्व सवलतीत १४० नावं जमली. मग त्यांनी दोनशे प्रती छापल्या. मुख्यतः परिचारिकांच्या बैठका, आशाताईंची प्रशिक्षणं, दोन नर्सिंग कॉलेजं अशा ठिकाणी त्या पिशवी घेऊन गेल्या. पाच महिन्यांनी पुन्हा दोनशे छापल्या. पुस्तकाचा समारंभ झाला तो उपकेंद्राच्या व्हरांड्यात, आणि पहिली प्रत घेतली ती त्यांच्या हातून जन्मलेल्या एका मुलीने.

ती वही मी पाहिली आहे. मला विचाराल तर नव्या लेखकाने संहितेबरोबरच अशी एक वही सुरू करावी. आपलं पुस्तक कुणाला हवं आहे, त्यांची नावं लिहिता येतात का? पन्नास नावं लिहिता येत नसतील तर छापायची घाई करू नये, आणखी वर्षभर इकडेतिकडे लिहावं. हे व्यापारी वागणं नाही. मराठीतली एक मोठी चळवळ याच वाटेने उभी राहिली. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतलं, वाचक आधी जोडले, आणि त्यांच्या भरवशावर १९७८ मध्ये ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये ‘उपरा’ काढलं. तोवर ज्यांच्या जगण्याची मराठी पुस्तकांना खबर नव्हती, अशा लेखकांची ही पुस्तकं गावोगाव पोहोचली, कारण ती वाचणारी माणसं आधीच एकत्र आली होती.

पाठवण्याची अडचण मोठी आहे, हे मान्य. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केलं, तेव्हा छोट्या प्रकाशकांचे आणि एकट्या लेखकांचे हातच बांधले गेले. ओरड झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली, शैक्षणिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून. सत्तर ग्रॅमच्या कागदावरचं एकशे साठ पानी डेमी पुस्तक मुखपृष्ठासकट दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, पाकिटासह तीनशेच्या आत बसतं. पानसंख्या ठरवतानाच हा विचार करावा. चकचकीत जाड कागद निवडला की प्रत्येक पार्सलला त्याची किंमत मोजावी लागते.

हे सगळं लेखकाने करायचं. पण माझी मागणी सार्वजनिक आहे, कारण या व्यवहारात सार्वजनिक पैसाही आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात सुमारे अकरा हजार सार्वजनिक ग्रंथालयं अनुदान घेतात आणि त्या अनुदानातून पुस्तकं खरेदी करतात. अनेक ठिकाणी यादी पुस्तकं पाहून होत नाही, सवलतीचे टक्के पाहून होते. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांचा स्वतंत्र गट आहे. या तिन्ही ठिकाणी शासनाला फार काही करायचं नाही. पुस्तक खरेदीला, अनुदानाला किंवा पुरस्काराला यायचं असेल तर त्यावर प्रतींची संख्या छापलेली हवी आणि लेखकाशी झालेल्या, दोघांच्या सह्या असलेल्या कराराची नक्कल जोडलेली हवी, एवढी अट घालावी. वर्षाच्या आत निम्मं चित्र बदलेल. प्रामाणिक प्रकाशकांना याचा काहीच त्रास नाही. असे प्रकाशक आहेत, मी त्यांच्यासाठी काम करते, आणि बनवाबनवी करणाऱ्यांमुळे त्यांच्याकडेही नवे लेखक संशयाने पाहतात.

साहित्य संमेलनात दरवर्षी ठराव होतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून भाषेच्या थोरवीवर भाषणांना तोटा नाही. ती भाषणं ज्या मांडवात होतात, त्याच्या बाजूलाच ग्रंथप्रदर्शनाचे गाळे असतात, आणि त्या गाळ्यांसमोर पिशवीत स्वतःच्या दहा प्रती घेऊन फिरणारे लेखक असतात. ‘ठेवता का जरा’ म्हणून विचारतात. मी दर संमेलनात त्यांना भेटते. एक ठराव त्यांच्यासाठी व्हावा. नमुना कराराचा मसुदा प्रकाशक संघटना आणि साहित्य संस्था यांनी मिळून करावा, मराठीत, दोन पानांचा, कुणालाही वाचून समजेल असा.

गुरुजींच्या प्रतींचं काय झालं ते सांगते. आम्ही पुस्तक पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचलं. चुका काढल्या, त्यातल्या अर्थ बदलणाऱ्या आणि विहिरींची नावं बिघडवणाऱ्या तेवढ्या घेतल्या आणि दोन्ही बाजूंनी छापलेलं एक शुद्धिपत्र केलं. गुरुजींनी वही आखली आहे. पहिली नावं त्यांच्या माजी विद्यार्थ्यांची, मग तालुक्यातल्या ग्रामपंचायतींची, मग पाण्यावर काम करणाऱ्या संस्थांची. आत्तापर्यंत तीन गठ्ठे सुटले. दर रविवारी काकू दुपारी खळ करतात, गुरुजी प्रत उघडून धरतात, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत शुद्धिपत्र चिकटवून त्याखाली ते स्वतःच्या हाताने लिहितात : ‘पहिली आवृत्ती, प्रती १०००, खर्च लेखकाचा’. हजार लिहिताना ते दर वेळी थांबतात. दोनशेंचा हिशेब अजून आलेला नाही.